फोटो-एच भागांची घडी, जोड आणि निवड: मार्गदर्शन हवे आहे

पोलादी कासव

सर्वांना नमस्कार.

मी सध्या १/३५ प्रमाणातील पँझर ४ ‘एच’ या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्याच्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचे किट जोडत आहे. प्लॅस्टिकचे काम मला बऱ्यापैकी जमते, परंतु या किटसोबत पितळी फोटो-एच भागांच्या, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेल्या भागांच्या, दोन चौकटी आल्या असून तिथे माझे काम अडले आहे. भाग चौकटीपासून सोडवताना तो जिथे जोडलेला असतो नेमका तिथेच वाकतो, आणि अगदी लहान भाग पात्याखालून उडून दिसेनासे होतात. कापण्यासाठी मी नेहमीची हिरवी कटिंग मॅट वापरतो. मडगार्डवर बसणारी एक पेटी पाच बाजू दुमडून तयार करायची आहे. तिच्या कडा एकमेकींना मिळत नाहीत, आणि एखादी बाजू सरळ करून पुन्हा दुमडावी तर ती तुटेल अशी भीती वाटते. घडीसाठी कोरलेली रेघ आत राहू द्यायची की बाहेर, याबद्दल सूचनापत्रकात काहीही लिहिलेले नाही.

दुसरी अडचण जोडाची आहे. दोन्ही बाजूंना लटकणारे कवचपत्रे, म्हणजे ज्यांना शुर्त्सेन म्हणतात ते, ज्या बारीक आकड्यांवर टांगायचे असतात ते आकडे सुपर ग्लूने चिकटवले तर दुसऱ्या दिवशी घट्ट वाटतात, पण जरासा धक्का लागला की गोंदासकट निघून येतात. शिवाय जोडाभोवती पांढुरका थर धरतो.

संपूर्ण चौकट आधी ज्योतीवर तापवून घ्यावी, म्हणजे पितळ नरम होते आणि सगळे काम सोपे जाते, असे काही जण सांगतात. हे सर्वच भागांना लागू आहे का? आणि शेवटचा प्रश्न जरा मूलभूत आहे. किटमध्ये बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकचा पर्यायी भागही दिलेला आहे. तेव्हा फोटो-एचचे सगळेच भाग वापरले पाहिजेत, की निवड करावी? करायची असेल तर कोणत्या कसोटीवर?

पितळपत्रा

आपल्या अडचणींपैकी पहिल्या दोहोंचे मूळ हे भाग ज्या पद्धतीने तयार होतात त्या पद्धतीत आहे, म्हणून आधी थोडे त्याविषयी लिहितो. पातळ पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर प्रकाशाला संवेदनशील असा लेप देतात, त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, लेपाचा नको असलेला भाग धुऊन काढतात आणि मग उघड्या पडलेल्या धातूवर फेरिक क्लोराइडचा फवारा मारतात. जिथे दोन्ही बाजूंनी धातू उघडा असतो तिथे पत्रा आरपार खाल्ला जातो. जिथे एकाच बाजूने उघडा असतो तिथे तो साधारण अर्ध्या जाडीपर्यंतच खाल्ला जातो. घडीची रेघ म्हणजे हा अर्धा खाल्लेला भाग. आपल्या किटमधील पत्रा बहुधा ०.१५ मिमीच्या आसपास असेल, म्हणजे घडीच्या रेघेत ०.०७ ते ०.०८ मिमीच धातू शिल्लक आहे.

यावरून रेघ कुठे ठेवायची तेही ठरते. रेघ आतल्या बाजूला ठेवली तर काटकोनात दुमडताना ती चर मिटते, शिल्लक धातू बाहेरच्या कडेला राहतो आणि कोपरा धारदार दिसतो. रेघ बाहेर ठेवली तर चर उघडी पडते, कोपऱ्यावर खाच दिसते आणि पेटीची मापेही किंचित बदलतात; आपल्या पेटीच्या कडा न मिळण्याचे ते एक कारण असू शकते. अपवाद एवढाच, की पत्रा पूर्ण उलटा दुमडून दुप्पट जाडी करायची असते अशा भागांत काही निर्माते रेघ मुद्दाम बाहेर देतात. तसा भाग असेल तर सूचनापत्रकातील बाण नीट पाहावेत.

सोडवण्याचे म्हणाल तर दोष आपल्या हाताचा नसून मॅटचा आहे. मॅट मऊ असल्यामुळे पाते दाबले की पत्रा पात्यासोबत खाली खचतो आणि मग तुटतो. जाड काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत चिनी मातीची फरशी खाली घ्यावी. पाते टोकदार असू नये, कारण ११ क्रमांकाच्या पात्याचे टोक धातूवर लगेच मोडते. १० क्रमांकाचे गोलाकार धारेचे पाते दुव्यावर ठेवून दाबत किंचित डोलवावे. काम करताना चौकटीखाली मास्किंग टेप चिकट बाजू वर करून ठेवली तर सुटलेला भाग टेपवरच राहतो. पहिला काप भागाला अगदी खेटून न घेता थोडा दूर घ्यावा, आणि उरलेला खुंट नंतर काढावा. त्यासाठी दाते नसलेल्या सपाट जबड्याच्या पकडीत भाग असा धरावा की खुंट तेवढाच बाहेर राहील, आणि बारीक कानस कडेच्या दिशेने चालवावी. कडेला आडवी चालवली तर कानस भागाला ओढून वाकवते. कापताना डोळ्यांवर चष्मा असावा, हे सांगायला नकोच.

आता घडीविषयी. घडी संपूर्ण लांबीवर एकाच वेळी आणि एकाच दमात पडली पाहिजे. चिमट्याने एका टोकापासून दुमडत गेलात तर पत्रा पिळवटतो, आणि एकदा पिळवटलेला पत्रा पुन्हा सपाट होत नाही. घडी घालण्याची तयार साधने मिळतात आणि ती चांगलीही असतात, पण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या भागांसाठी पोलादी पट्टी आणि एक रुंद सरळ पाते पुरते. पट्टीची कड रेघेवर बरोबर बसवून घट्ट दाबायची, पाते उरलेल्या बाजूखाली सरकवायचे आणि ती बाजू उचलायची. पितळ थोडे मागे येते, म्हणून काटकोनाच्या किंचित पुढे न्यावे. पुन्हा सरळ करून दुमडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पितळ वाकवल्यावर त्या जागी कठीण आणि ठिसूळ होते आणि अर्ध्या जाडीच्या रेघेत तिसऱ्या वेळेला तडा जाणे अगदी स्वाभाविक आहे.

पाच बाजूंच्या पेटीत घड्यांचा क्रम हा खरा प्रश्न असतो. आधी बारीक पट्ट्या, म्हणजे ज्या चिकटवण्यासाठी आत वळतात त्या. मग लहान बाजू. आणि सर्वांत शेवटी लांब बाजू, कारण ती एकदा उभी राहिली की पट्टी आत घालायला जागा उरत नाही. मी अशा भागाची आकृती कागदावर उतरवून, कापून आधी ती दुमडून पाहतो. कागद फुकट गेला तरी चालतो, पितळाचा भाग चौकटीत बहुधा एकच असतो.

कल्हईवाला

पितळपत्रा यांच्या घडीविषयीच्या मजकुरात मला भर घालायची नाही, परंतु पेटीसारख्या भागासाठी मुळात सुपर ग्लूचा विचारच करू नये असे माझे मत आहे. जिथे पितळाला पितळ भिडते तिथे सोल्डरइतका पक्का आणि स्वच्छ जोड दुसरा नाही. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले साधे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे बारीक कामाला ते सोयीचे पडते. पेटी दुमडून झाली की आतल्या कोपऱ्यात ब्रशने फ्लक्स (धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारे द्रव्य) लावावा, सोल्डरचा मोहरीपेक्षाही लहान तुकडा कोपऱ्यात ठेवावा आणि तापलेले टोक क्षणभर टेकवावे. सोल्डर फ्लक्सच्या मागोमाग सगळ्या कोपऱ्यात धावते, घडीची चरही भरून निघते, आणि बाहेरची बाजू कोरी राहते. नंतर पेटी कोमट पाण्यात साबणाने घासून धुवावी. फ्लक्स राहिला तर तो पुढे हिरवट डागांच्या रूपाने रंगाखालून वर येतो. सोल्डर करताना खिडकी उघडी असावी आणि शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

हे सगळे प्लॅस्टिकवर बसवण्याआधी उरकायचे काम आहे. पॉलिस्टायरीन सोल्डरच्या तापमानाच्या कितीतरी आधी, १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. आणि भाग पितळाचाच आहे याची खात्री करून घ्यावी. निकेल-सिल्व्हर पितळासारखेच सोल्डर होते, पण स्टेनलेस स्टीलवर राळेचा नेहमीचा फ्लक्स काहीच करत नाही. तिथे तीव्र आम्लाचा फ्लक्स लागतो आणि नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

आता तापवून नरम करण्याविषयी. संपूर्ण चौकट तापवण्याचा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी तो अर्धवट दिला आहे. पितळ मंद लालसर होईपर्यंत तापवले की गार असताना त्यात आलेला कडकपणा निघून जातो आणि ते परत उसळत नाही. मडगार्डचा वाकलेला कोपरा दाखवायचा असेल, धुराड्याभोवतीचे गोल आच्छादन वळवायचे असेल, किंवा वैमानिकाच्या आसनावर पट्टे नैसर्गिक पडल्यासारखे टाकायचे असतील, तर तापवलेच पाहिजे. पण जिथे सरळ कड आणि तीक्ष्ण घडी हवी आहे तिथे हा नरमपणा शत्रू ठरतो, कारण घडीची रेघ सोडून मधला पत्राही वाकू लागतो. म्हणून हवा तेवढाच भाग कापून, चिमट्यात धरून, दिवे मंद करून तापवावा. भर उजेडात लालसरपणा दिसत नाही आणि एवढा पातळ पत्रा बघता बघता वितळतो. मेणबत्ती वापरू नये, काजळी धरते. स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची निळी ज्योत बरी. पितळ आपोआप गार होऊ दिले तरी चालते, पाण्यात बुडवण्याची गरज नाही.

सागरी सातशे

मी जहाजे जोडतो, त्यातही बहुतेक १/७०० प्रमाणातील, त्यामुळे कल्हईवाला यांच्याशी थोडा वाद घालणे मला भाग आहे. सोल्डर उत्तम, परंतु त्यासाठी दोन धातू समोरासमोर हवेत. फोटो-एचचे बहुसंख्य जोड धातू आणि प्लॅस्टिक यांच्यात असतात, आणि प्रश्नकर्त्यांचे आकडेही त्यातच मोडतात. तिथे गोंदाला पर्याय नाही. फक्त त्याचा स्वभाव ओळखून वागावे लागते.

प्लॅस्टिकचा नेहमीचा सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, त्यामुळे धातूवर त्याचा उपयोग शून्य. सुपर ग्लू, म्हणजे सायनोॲक्रिलेट, पृष्ठभागावरील ओलाव्याच्या सूक्ष्म थरामुळे घट्ट होतो आणि थर जितका पातळ तितका जोड चांगला. सरळ ओढीला तो भक्कम असतो. कडेकडून सोलल्यासारखा जोर आला किंवा झटका बसला की काचेसारखा तुटतो. आपला आकडा ०.१५ मिमी कडेवर उभा असेल तर जगातील कोणताही सुपर ग्लू त्याला धरून ठेवू शकणार नाही. गोंद बदलण्याऐवजी जोडाचे क्षेत्रफळ वाढवावे. आकड्याच्या बुडाला वळणारी पट्टी असेल तर ती कापून न टाकता तिच्यावरच चिकटवावे. नसेल तर प्लॅस्टिकमध्ये पात्याने बारीक खाच पाडून आकड्याचे बूड त्यात रोवावे, किंवा मागून ०.३ मिमी तारेचा तुकडा सोल्डर करून तो छिद्रात घालावा. हा शेवटचा उपाय कल्हईवाला यांनाही पसंत पडेल.

दोन गोष्टी आपण तपासल्या आहेत का, ते कळवावे. एक म्हणजे धातू पुसला होता का: बोटांचे तेल आणि चौकटीवर राहिलेला लेप यांमुळे गोंद धातूला भिडतच नाही. पूर्ण चौकटच कापण्याआधी १००० किंवा १२०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की हे काम एकदाच होते. दुसरे म्हणजे, प्लॅस्टिक आधी रंगवले होते का? रंगावर चिकटवलेला भाग प्लॅस्टिकला नव्हे, रंगाला चिकटतो आणि रंगासकट निघतो. जोडाच्या जागी रंग खरवडून प्लॅस्टिक उघडे करावे.

पांढुरका थर हा गोंदाच्या वाफेचा आहे. न घट्ट झालेला गोंद उडतो आणि आसपासच्या ओलसर पृष्ठभागावर बसून तिथेच घट्ट होतो. गोंद कमी वापरणे हाच त्यावरचा इलाज. बाटलीच्या तोंडाने थेट लावू नये. फरशीवर एक थेंब काढून घ्यावा, आणि सुईच्या नेढ्याचे टोक कापून जी दोन शिंगे उरतात त्यांत गोंद उचलून जोडाला स्पर्श करावा, मग तो स्वतःच आत ओढला जातो. लवकर सुकवणारा फवारा मी टाळतो, कारण त्याने जोड अधिक ठिसूळ होतो. काचेसारख्या पारदर्शक भागांजवळ तर सुपर ग्लू नकोच, तिथे पांढरा पीव्हीए गोंद.

पीव्हीएचा आणखी एक उपयोग आहे जो रणगाडेवाले फारसा करत नाहीत. जहाजाच्या डेकवर कठड्याची लांब पट्टी बसवताना आम्ही ती आधी पीव्हीएने लावतो, त्यामुळे सरळ करायला काही मिनिटे मिळतात, आणि जागेवर बसली की तीन-चार ठिकाणी पातळ सुपर ग्लूचा कण सोडून पक्की करतो. आपले आकडे एका ओळीत, समान अंतरावर बसायला हवे आहेत. हीच रीत वापरून पाहावी. कठड्याची पट्टी मात्र चुकूनही तापवू नये, ती दोन खांबांमध्ये झोळीसारखी लोंबते.

आणि चुकीच्या जागी चिकटलेला भाग सोडवण्यासाठी ॲसिटोन वापरायचा विचार असेल तर तो तिथेच सोडून द्यावा. ॲसिटोन सुपर ग्लू विरघळवतो हे खरे, पण पॉलिस्टायरीन त्याहून लवकर विरघळवतो. पात्याने कडेवर हलका झटका द्यावा. जो ठिसूळपणा आपल्याला छळतो तोच इथे कामी येतो.

अर्धा मिलिमीटर

काय वापरावे आणि काय वापरू नये, या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

माझी कसोटी एकच आहे: मूळ वस्तू पत्र्याची होती का? फोटो-एचचा गुण पातळपणा हा आहे आणि सपाटपणा हा त्याचा दोष. आपल्याच रणगाड्याचे उदाहरण घ्या. पँझर ४ च्या बाजूचे शुर्त्सेन ५ मिमी जाडीचे होते. ३५ ने भागले की ०.१४ मिमी येते, म्हणजे आपल्या हातातील पितळी पत्रा जवळजवळ अचूक मापाचा आहे. बुरूजाभोवतीचे पत्रे ८ मिमीचे, म्हणजे ०.२३ मिमी. आता प्लॅस्टिकचा पर्याय पाहा. साच्यातून अर्ध्या मिलिमीटरहून पातळ मोठा पत्रा काढणे निर्मात्यांना अवघड जाते, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटर. सोव्हिएत १४.५ मिमी रणगाडाविरोधी रायफलींच्या गोळ्या अडवण्यासाठी १९४३ मध्ये लावलेले हे पत्रे प्लॅस्टिकमध्ये मूळ कवचासारखेच भरभक्कम दिसू लागतात. तेव्हा शुर्त्सेन पितळाचेच लावावेत. शिवाय मूळ पत्रे आकड्यांवर नुसते टांगलेले असल्यामुळे झाडाझुडपांत आणि भिंतींना घासून वाकत, निखळून पडत. त्या काळच्या छायाचित्रांत एखाद-दोन पत्रे नसलेले रणगाडे सर्रास दिसतात. पितळ प्रत्यक्ष वाकवता येते, ही सोय प्लॅस्टिकमध्ये नाही.

हीच कसोटी हवा आत घेणाऱ्या झरोक्यांवरील जाळ्या, अवजारे अडकवण्याचे चिमटे, पातळ कंस आणि दिव्याची झाकणे यांना लावली तर पितळ जिंकते. पण पकडायचे दांडे, अवजारांच्या मुठी, अँटेना, उचलण्याची गोल कडी, हे सगळे गोल छेदाचे. पितळी पत्र्यातून कापलेला दांडा समोरून बरोबर दिसतो आणि बाजूने पाहिला की पट्टी निघतो. तिथे प्लॅस्टिकचा भाग ठेवावा, नाहीतर ०.३ किंवा ०.४ मिमी पितळी तार वळवावी. चौकटीत भाग आहे म्हणून तो लावलाच पाहिजे, असा समज नवीन लोकांमध्ये फार आहे आणि सूचनापत्रके तो वाढवतात. एका अवजाराच्या चिमट्यासाठी चार-चार तुकडे देणारे संचही मी पाहिले आहेत. एक हाताच्या अंतरावरून त्यातील दोन तुकडे कुणालाही दिसत नाहीत.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. पितळी भाग बसवण्यासाठी बऱ्याचदा प्लॅस्टिकवर आधीच घडवलेला तपशील तासून काढावा लागतो. एकदा तासल्यावर परत फिरता येत नाही. म्हणून पितळी भाग आधी दुमडून, जोडून हातात तयार ठेवावा आणि तो मनासारखा झाला असेल तरच प्लॅस्टिकला पाते लावावे.

सागरी सातशे यांच्या क्षेत्रात मात्र ही कसोटी थोडी सैल करावी लागते. १/७०० मध्ये ०.१ मिमीची तार म्हणजे ७० मिमीचा दांडा. खऱ्या कठड्यात इतका जाड दांडा नसतो. तरीही प्लॅस्टिकमध्ये तेवढेही शक्य नसल्यामुळे पितळच घ्यावे लागते.

पोलादी कासव

सर्वांचे मनापासून आभार. सागरी सातशे यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टींची उत्तरे माझ्या बाजूने अनुकूल नाहीत: चौकट पुसलेली नव्हती आणि आकड्यांखाली प्रायमर होता. आता आकडे खाचेत रोवून बसवीन आणि पेटी सोल्डर करीन. प्लॅस्टिकचे दांडे तसेच ठेवण्याचेही ठरवले आहे.

एक प्रश्न राहिला. शुर्त्सेन आधी टांगून मग एकत्र रंगवावेत की वेगळे रंगवून टांगावेत? आणि पितळावर रंग टिकत नाही असे ऐकले आहे, त्याचे काय करावे?

पितळपत्रा

वेगळे रंगवावेत. ते टांगले की त्यांच्यामागील चाके आणि ट्रॅकच्या वरच्या भागापर्यंत ब्रश पोहोचत नाही, आणि धूळ-चिखलाचे काम तर मुळीच करता येत नाही. कोणता पत्रा कुठला ते विसरू नये म्हणून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकावा; ते वरवर सारखे दिसतात, तसे नसतात. आकडे मात्र आधीच रणगाड्यावर बसवून सर्वांसोबत रंगवावेत, म्हणजे रंगावर चिकटवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

रंग टिकत नाही ही तक्रार मुख्यतः पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांविषयी आहे. गुळगुळीत पितळावर ते धरत नाहीत आणि मास्किंग टेपसोबत निघून येतात. आधी लॅकर प्रकारचा प्रायमर द्यावा, किंवा मिस्टर मेटल प्रायमरसारखा खास धातूसाठीचा पारदर्शक थर द्यावा आणि मग नेहमीचा प्रायमर. पातळ हात द्यावेत, कारण जाड थराने जाळीची भोके बुजतात आणि ज्या पातळपणासाठी आपण एवढा खटाटोप केला तोच झाकला जातो.

कल्हईवाला

त्याला एक जोड देतो. शुर्त्सेनच्या कडांवर रंग उडालेला दाखवायचा असेल तर तो खरवडून दाखवू नये. खालून पोलाद नव्हे, पिवळे पितळ चमकते आणि सगळा भास संपतो. ओरखडे गडद तपकिरी आणि पोलादी करड्या रंगाने वरूनच रंगवावेत. हाताळताना कडेवर चुकून पितळ उघडे पडले तर त्या जागीही आधी प्रायमरचा ठिपका द्यावा आणि मगच मूळ रंग.